पावण्याचं पाणी

माझं नाव शांतिलाल. या नावावर आमच्या घरात कुणाचाच विश्वास नाही. या दिवाळी अंकाच्या संपादकांचाही नसावा, कारण फोनवर त्यांनी मला बजावलं, "काका, नोकरीतल्या गोड आठवणी लिहा हं. लोक सणासुदीचं वाचतात." मी हो म्हणालो. लिहायला बसल्यावर लक्षात आलं, की गोड आठवणी आहेत, पण त्या लिहिण्यासाठी हात शिवशिवत नाही. फराळाच्या ताटात तिखट शेवही असते. हा लेख ती समजा.

मी सरकारी नोकरीत शिलालेखांचे ठसे घेत होतो. म्हणजे काय, हे सोयरीक जुळवताना माझ्या सासऱ्यांना तीन वेगवेगळ्या लोकांनी समजावलं तरी कळलं नव्हतं, म्हणून इथे नीट सांगतो. दगडावरची जुनी अक्षरं डोंगरात असतात आणि ती वाचणारे विद्वान शहरात असतात. दगड शहरात नेता येत नाही आणि विद्वानाला डोंगरावर चढवलं की त्याचे गुडघे दुखतात. मग माझ्यासारखा माणूस जातो. आधी दगड मऊ कुंचल्याने आणि पाण्याने धुवायचा. त्यावर ओला कागद लावायचा आणि राठ केसांच्या ब्रशाने हलके हलके ठोकत राहायचं, म्हणजे कागद अक्षरांच्या चरांत उतरतो. तो निम्माशिम्मा वाळला, की कापसाच्या गादीने वरून शाई टिपायची. कागदावर सपाट दगड काळा उमटतो, खोल अक्षरं पांढरी राहतात. कागद अलगद सोडवला की दगड घडी करून पिशवीत.

लिहायला सोपं आहे. वारा सुटला की अर्धा दिवस पाण्यात. आमच्या जुन्नरच्या लेण्यांत तर छताला आग्या मोहोळं लटकलेली असतात, आणि खाली बसून दगडावर ठकठक करणारा माणूस त्यांना मुळीच आवडत नाही. मी सुजलेलं तोंड आणि काळे हात घेऊन घरी यायचो. वडील आमच्या कापडाच्या दुकानाच्या गादीवरून बघायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "हा आमचा मुलगा. डोंगराला पोटीस लावायला जातो."

पण मधमाश्यांचा मला कधी राग आला नाही. राग आला तो माणसांचा. दोन हजार वर्षं ऊन-पाऊस खाऊन टिकलेल्या भिंतीवर बदाम काढून त्यात आपलं आणि आपल्या मैत्रिणीचं नाव खरवडणारे वीर मी किती बघितले! ठसा घेतला की तेही त्यात यायचे. वर ब्राह्मी लिपीत कुणा व्यापाऱ्याने संघाला दिलेलं दान, खाली सचिनने पूजाला दिलेलं हृदय. पूजा पुढे दुसरीकडे नांदायला गेली असणार. दगड मात्र जन्माचा विद्रूप झाला.

आता यवनांबद्दल. जुन्नरच्या लेण्यांमधल्या काही लेखांत दान देणारा स्वतःला यवन म्हणवतो. यवन म्हणजे त्या काळचे ग्रीक, समुद्रापलीकडून आलेले लोक. नाणेघाट चढून कोकणातल्या बंदरांवरचा माल इथे यायचा, त्या मालाबरोबर तेही आले आणि राहिले. एकाने भिक्षूंसाठी जेवणाचा मंडप दिला, एकाने लेण्याची दर्शनी बाजू, एकाने पाण्याची कुंडं. अशा कुंडाला लेखात पोढी म्हणतात. एकदा मी ठसा घेत असताना मोबाइलवर चित्रण करणारा एक तरुण मागे उभा राहून ओरडला, "यवनांची नावं कसली जपताय? पुसून टाका!" त्याला मी हा सगळा इतिहास उभ्या उभ्या सांगितला. तो म्हणाला, "असं व्हॉट्सअ‍ॅपवर नव्हतं." मी त्याला जे उत्तर दिलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

या यवनांशी माझं काही नातं आहे असं मला पहिल्यापासून वाटत आलं. आम्ही मारवाडातून आलेले जैन. माझे पणजोबा आले, आजोबा जुन्नरलाच जन्मले, आम्ही भांडतो मराठीत आणि स्वप्नंही मराठीत पडतात. तरी आयुष्यभर प्रत्येक नवा माणूस दोन मिनिटांत विचारतो, "शेठ, तुम्ही मूळचे कुठले?" पगारावर जगलेल्या माणसाला शेठ म्हणतात, तेही एक सोडून द्या. आजोबांनी बाजारपेठेत पाणपोई बांधली होती. तिच्यावर संगमरवरी पाटी होती, नाव आणि त्याखाली 'रा. जुन्नर'. राहणार जुन्नर. त्या दोन शब्दांवरून आजोबा रोज सकाळी ओलं फडकं फिरवायचे, नावावरून नाही. रस्तारुंदीत पाणपोई गेली. पाटीचं काय झालं विचारायला मी नगरपालिकेत गेलो, तर तिथला माणूस म्हणाला, "कुठली पाटी?"

परदेशातून आलेला माणूस इथे व्यापार करतो, इथल्या लोकांच्या धर्माला दान देतो, इथल्याच भाषेत आणि लिपीत आपलं नाव कोरतो, आणि देतो काय तर पाणी. हे वाचायला मला विद्वान लागला नाही. हे आमच्याच घरात घडलेलं होतं.

जुन्नर आणि आंबेगावच्या सीमेवर एक वाडी आहे. तिचं नाव सांगत नाही, का ते पुढे कळेल. वाडीच्या वरच्या कड्यात एक एकटीच पोढी आहे, लेणं नाही, काही नाही. काठावर एक ओळीचा लेख. त्याचा ठसा मी तरुणपणी घेतला. 'यवन' स्पष्ट, शेवटचं 'दान' स्पष्ट, मध्ये नाव. नावाचं पहिलं अक्षर होतं, शेवटचं होतं, मधली अक्षरं मात्र इतकी झिजलेली, की कागद त्यांच्यात उतरेचना. पुन्हा पुन्हा गेलो, वेगवेगळे कागद नेले. नाव काही हाती लागलं नाही. विद्वानांनी मधल्या जागेवरून आपसांत वाद घातले आणि ते आपापल्या वाटेने निवृत्त झाले. मीही झालो.

वाडीतल्या लोकांना मी सांगितलं होतं, की हे पाणी समुद्रापल्याडच्या माणसाने दिलंय. तेव्हापासून ते त्याला पावण्याचं पाणी म्हणायला लागले. चैत्रात खालच्या विहिरी आटल्या की पहिली घागर भरताना त्या अक्षरांना फूल वाहायचं, ही तिथली रीत. पाटावर बसवलेल्या पाहुण्याला गंध लावावं तसं. मला ते फार आवडायचं. फक्त 'पावणा' हा शब्द खटकायचा. पाहुणा परत जातो हो. हा गेला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात एलेनीबाईंचा फोन आला. या ग्रीसच्या. समुद्रापार जाऊन वसलेल्या ग्रीकांचे लेख शोधत जगभर फिरणाऱ्या. त्यांच्याकडे नवी पद्धत होती. कॅमेरा एका जागी ठेवायचा, दिवा वेगवेगळ्या बाजूंनी धरायचा, पुष्कळ फोटो काढायचे, आणि संगणक ते एकत्र करून दगडावरचा पुसटातला पुसट चराही उठवून दाखवतो. माझ्या कागदाला जे जमलं नाही ते उजेडाला जमणार होतं. त्यांनी पाठवलेले दुसऱ्या लेखांचे नमुने पाहून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. त्या माणसाचं नाव मला मरायच्या आत कळणार होतं!

मी वाडीवर किसनभाऊंना फोन केला. किसनभाऊ हे पाथरवट. पाटा, वरवंटा, जातं घडवणारे, आणि मुख्य म्हणजे त्यांना टाकी लावणारे. ज्यांच्या घरी मिक्सरच आहे त्यांच्यासाठी सांगतो. पाटा वापरून गुळगुळीत झाला, की त्यावर मसाला नुसता घसरतो. मग पाथरवट छिन्नी-हातोडीने त्यावर पुन्हा बारीक घाव घालून तो खरबरीत करतो. त्याला टाकी लावणं म्हणतात. लग्नघरी तर आधी टाकी, मग हळद. मी किसनभाऊंना म्हणालो, ग्रीसहून बाई येतायत, त्यांच्याच माणसाची अक्षरं बघायला. जरा वाट साफ करून ठेवा, बाईंचं वय झालंय. वाट. मी वाट म्हणालो होतो.

आम्ही जीपमधून उतरलो तेव्हा वाट झाडलेली होती. दोन्ही बाजूंना रांगोळी होती. आयाबायांनी एलेनीबाईंना ओवाळलं, सगळी वाडी मागून चढली. किसनभाऊ नवा सदरा घालून सर्वांत पुढे. पोढीशी पोचलो आणि ते बाजूला होऊन म्हणाले, "बघा."

अख्ख्या ओळीला टाकी लावलेली होती.

एकेक अक्षर बोटभर खोल, ताजं, कडा पांढऱ्याफेक. आत लाल ऑइलपेंट. आणि मधली रिकामी जागा रिकामी राहिली नव्हती. तिथेही अक्षरं होती, ठळक, सुबक, ओळीतल्या इतर अक्षरांसारखीच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे कुणी केलं?"

"म्याच!" किसनभाऊ हसत म्हणाले. "लई झिजली व्हती ओ अक्षरं. बाई एवढ्या लांबून येनार, त्यांच्याच माणसाचं नाव, अन् त्ये असं बोथट? गावाची इज्जत काय ऱ्हायली? समद्यांनी ठरवलं, टाकी लावू."

"आणि मधली? मधली अक्षरं कुठून आणली?"

"तिथं काय दिसतच नव्हतं. मोकळी जागा बरी दिसंना. मग हितली दोन उचलली अन् तिथं बसवली. मिळून आली का न्हाई?"

ती दोन उचललेली अक्षरं 'यवन'मधलीच होती. त्या माणसाच्या नावाच्या पोटात आता निरर्थक काहीतरी भरलेलं होतं, आणि त्याखालचे खरे चरे दगडाच्या भुशाबरोबर वाऱ्यावर गेले होते.

मी ओरडलो. काय काय ओरडलो ते आठवत नाही. दोन हजार वर्षं पावसाने जे केलं नाही ते तुम्ही एका दुपारी केलंत, असं काहीसं. तुमच्या आजाचं नाव असं कोरलं असतंत का, असंही. किसनभाऊंचं हसू हळूहळू उतरलं. बायका पदर तोंडाला लावून उभ्या. एक म्हातारी पुटपुटली, "शेठला ऊन लागलं जनू."

"तुमीच म्हनला साफसूफ करा म्हनून," किसनभाऊ म्हणाले.

"वाट! वाट म्हणालो मी!"

"आवं, पाट्याला टाकी लावली तर पाटा बाद हुतो का? चांगला हुतो. दगुड हाय. दगडाला टाकी लावायची असती. माझ्या बापानं, त्याच्या बापानं, समद्यांनी लावली." आता त्यांचाही आवाज चढला होता. "आमी काय वंगाळ केलं? फोडून टाकलं का? मान केला त्याचा!"

खरंच मान केला होता. बदाम खरवडणाऱ्याला चार शिव्या घालून मोकळं होता येतं. हे लोक दरवर्षी त्या अक्षरांना फूल वाहत होते, म्हणूनच त्यांना ती झिजलेली बघवली नाहीत. एवढ्या प्रेमाने केलेल्या नासाडीवर कसं चिडायचं, हे मला अजून जमलेलं नाही. तरी मी चिडलोच.

एलेनीबाईंनी मात्र कॅमेऱ्याची पेटी उघडलीच नाही. खाली बसून त्या पोढीच्या पाण्याकडे पाहत राहिल्या, मग ओंजळ भरून पाणी प्यायल्या. नंतर खाली पडवीत मासवडीचं जेवण झालं. तिखटाने त्यांचे डोळे वाहत होते, तरी ताट स्वच्छ केलं. मग त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली, मी मराठी करून देत होतो. त्यांच्या घरातली माणसं कित्येक पिढ्या इजिप्तमध्ये एका बंदरावर व्यापार करत होती. तिथल्या लोकांसाठी त्यांनी शाळा बांधली होती. पुढे वारं फिरलं आणि सगळं सोडून निघावं लागलं. ज्या ग्रीसला आपला देश म्हणून ते आले, तिथले शेजारी त्यांच्या आईला विचारायचे, तुम्ही मूळच्या कुठल्या.

हे शेवटचं वाक्य मी मराठीत दोनदा सांगितलं. किसनभाऊंनी मला पाणी दिलं. आम्ही एकमेकांशी अजून बोलत नव्हतो.

परत आल्यावर मी पुरातत्त्व खात्यात फोन केला. एका साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण ते आमच्या यादीत नाही. संरक्षित नसलेल्या लेखाला आम्ही काय करणार?" म्हणजे जो दगड यादीत, त्याला कुंपण, पाटी आणि पहारेकरी. जो यादीत नाही, त्याला देव आणि वाडी. त्याला यादीत घ्या म्हणून मी नोकरीभर अर्ज करत होतो. "तुमचे अर्ज विचाराधीन आहेत," साहेब म्हणाले. माझे केस विचाराधीन असतानाच पांढरे झाले.

मग कुणीतरी पेपरात बातमी दिली आणि खातं खडबडून जागं झालं. एक अधिकारी गाडी घेऊन वाडीवर आला. मला साक्षीला बोलावलं. किसनभाऊ हात जोडून उभे, चेहरा उतरलेला. अधिकाऱ्याने पंचनामा लिहून तयारच आणला होता. 'सदर इसमाने हेतुपुरस्सर प्राचीन लेखाची हानी केली.' माझी सही हवी होती, म्हणजे पुढे तक्रार, कोर्ट, तारखा.

मी वाचलं. आणि सांगतो, त्या दिवशी पोढीशी आला होता तो राग या रागापुढे काहीच नव्हता.

"हेतुपुरस्सर कुठलं? आणि कुठल्या लेखाची हानी?" मी विचारलं. "तुमच्या मते तर इथे लेखच नाही."

"काका, तुम्हीच तर आरडाओरडा केलात."

"केला. माझा हक्क आहे. मी या दगडासाठी तोंड सुजवून घेतलंय. या माणसाने दर उन्हाळ्यात पोढीतला गाळ काढलाय. तुमच्या खात्याने काय केलंय? एक पाटी लावली असतीत, 'छिन्नी लावू नये' एवढी, तर हा माणूस तिच्या पाया पडला असता! हेतुपुरस्सर हा शब्द आधी तुमच्या नावापुढे लिहा."

सही मी केली नाही. साक्षीदाराशिवाय ते प्रकरण पुढे सरकलं नाही, आणि अधिकारी जेवायला न थांबता गेला. मासवडी त्याच्या नशिबात नव्हती.

किसनभाऊ तिथेच पायरीवर बसले. म्हणाले, "शेठ, त्याचं नाव आता कंदीच कळनार न्हाई?"

"नाही."

"कंदीच?"

"नाही, किसनभाऊ."

त्यांनी दोन्ही तळहात बघितले, जणू ते दुसऱ्याचेच. "आमी त्याला दरसाल फूल वाहायचो वो," एवढंच बोलले आणि डोळे पुसले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही मला राग आला.

एप्रिलमध्ये त्यांनी मला बोलावून घेतलं. वाटेच्या तोंडाशी त्यांनी काळ्या दगडाची एक शिळा उभी केली होती, कड्यापासून चांगली दूर. त्यावर मराठीत लिहायचं होतं, की हे कुणाचं पाणी आहे आणि वरच्या अक्षरांना हात लावू नये. मजकूर मी सांगायचा, कोरायचं त्यांनी. 'पावण्याचं पाणी' हे त्यांनी वर आधीच खडूने लिहून ठेवलं होतं. मी ते पुसलं.

"लिहा," मी म्हणालो. "यवन."

"यवन." खडू फिरला.

"पुढे चार अक्षरांची जागा कोरी सोडा. अर्धवट नाव नको."

त्यांचा हात थांबला. मोकळी जागा त्यांना बघवत नाही, हे मला माहीत होतं. त्यांनी ती सोडली.

"पुढे लिहा, याने दिलेलं पाणी."

लिहून झालं. मागे सरकून त्यांनी डोळे बारीक केले. "नावाखाली गाव लागतं, शेठ. गाव काय घालू?"

"रा. जुन्नर."

"आवं, पर त्यो मूळचा तर लई लांबचा. समुद्रापल्याडचा. तुमीच सांगितलं."

"किसनभाऊ, मी मूळचा कुठला?"

ते गोंधळले. "तुमी? तुमी जुन्नरचंच की. पेठेतलं."

"माझा पणजा मारवाडातून आला."

"आसंल. पर तुमी जुन्नरचं."

"मग?"

किसनभाऊंनी शिळेवरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खडू खाली ठेवून त्यांनी छिन्नी उचलली आणि नावाच्या आधी गावच कोरायला घेतलं.

"खोल कोरा," मी म्हणालो.